आधी आबांचा संगणक

पऱ्हाटीवर, कापसाच्या वाळल्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्याचा वास आला की मी थेट एरंडोलच्या, मी कामाला होतो त्या कापसाच्या जिनिंगमध्ये पोचतो. तिथे वजन-पावतीच्या सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आधी मालकांच्या, म्हणजे आबांच्याच संगणकावर चढायचं. "बिघडनं ते मनं बिघडो, काटानं नको," ते म्हणायचे; बिघडलं तर माझं बिघडो, काट्यावरचं नको. त्या दिवशी बाहेर भरताची वांगी भाजत होती, वजनकाट्यापुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि अपडेट टाकताच आबांची स्क्रीन काळी! आम्ही सगळे वांगी तशीच सोडून आत धावलो. एकदम ती उजळली, प्रिंटर करकरला, पावती बाहेर आली आणि आबा ओरडले, "चालनं! आते बठ्ठास्मा टाका!" म्हणजे आता सगळ्या संगणकांत टाका. तोवर वांग्यांचा कोळसा झाला होता, तेच भरीत आम्ही नाचत खाल्लं. आज अपडेट मी बनवतो, गावोगावी पाठवतो. पण आधी ते माझ्याच संगणकावर चढवतो; काळी होते ती माझीच स्क्रीन, आणि तेवढा वेळ नाकात करपलेल्या वांग्याचा वास.