डाव्या गालावरचा ठिपका

सौंसरच्या आमच्या स्टुडिओवाल्यानं नागपूरहून एक जुना डिजिटल कॅमेरा आणला आणि गावातल्या लग्नाच्या पोरींमागे साडेसाती लागली. कॅमेरा फुल फ्रेम होता. म्हणजे आतला चित्र टिपणारा सेन्सर पूर्वीच्या रोलच्या चौकटीएवढा मोठा, फोटोत पापणीचा केस न् केस दिसायचा. वजन विटेएवढं, मागचा पडदा मात्र बिस्किटाहून लहान. "गुरुजी, मोठमोठ्या फोटोग्राफरांच्या हातचा माल हाये," तो माझ्या वडिलांना म्हणाला. "याच्या फोटोले मी कम्प्युटरवर हात लावत नाही. जे हाये तेच दिसते."

बाबा शाळेत शिकवायचे. त्यांना हे फारच आवडलं. बाकीचे स्टुडिओवाले सावळ्या पोरीला गोरी करून देतात याचा त्यांना राग. ते ताईला त्याच दिवशी घेऊन गेले. तिथं फरशीवर रंगानं पावलं काढली होती आणि कॅमेऱ्याचा स्टँड जागचा हलत नसे. प्रत्येक मुलीनं त्याच पावलांवर उभं राहायचं, तेवढीच मान वळवायची.

स्थळ पांढुर्ण्याचं होतं. मुलगा सरकारी नोकरीत. दोघं फोनवर बोलले होते आणि ताईला तो मनापासून आवडला होता. "मले याच्याशीच करायचं हाये," ती मला म्हणाली, न लाजता.

फोटो गेला आणि मुलाच्या मावशीचा फोन आला. "गुरुजी, पोरीच्या गालावर ते काय हाये जी?" आम्ही घरातली फोटोची प्रत काढून पाहिली. डाव्या गालावर काळपट, धुरकट ठिपका होता. ताईच्या गालावर असलं काहीही नव्हतं, हे आमच्या मोलकरणीनंसुद्धा सांगितलं असतं. बाबांनी मात्र चष्मा लावला, तिची हनुवटी धरली आणि चेहरा खिडकीकडे वळवला. मग आईला हळूच विचारलं, "पावडर-बिवडर तर नाही न लावत ती?" मला त्यांची शिसारी आली.

आमच्याकडे घरी बोलावण्याआधी पुष्कळदा जामसांवलीला मुलगी दाखवतात. मारुतीचं दर्शन होतं, आणि नाही जमलं तर बोभाटा होत नाही. आमचंही तिथंच ठरलं. मावशीनं ताईला दर्शनाआधीच नळावर नेलं, रुमाल ओला केला आणि तिचा गाल घासायला लागली. "मेकअप मोठा पक्का बसवला बाप्पा!" रांगेतल्या बाया माना वळवून बघत होत्या. आई म्हणत होती, "अहो, काहीच नाही लावलं जी तिनं," आणि ती बाई घासतच होती. गाल लालभडक झाला. "पाहा, आता निघून राहिला डाग," ती विजयानं म्हणाली. ताईनं एकदा मुलाकडे पाहिलं. तो दोन हात अंतरावर उभा राहून मोबाइल बघत होता. आम्ही घरी पोचायच्या आत नकार पोचला.

पुढं मोहगावच्या एका मुलीचा बाप स्टुडिओत भांडायला आला. तिच्याही डाव्या गालावर तोच ठिपका. तेव्हा कुठं आमच्या स्टुडिओवाल्या शहाण्याला सुचलं आणि त्यानं कोऱ्या भिंतीचा फोटो काढला. ठिपका भिंतीवरही होता, नेमका त्याच जागी. लेन्स बदलताना जिनिंगच्या कारखान्याकडून उडत आलेलं कापसाचं तूस आत शिरून सेन्सरवर बसलं होतं. नंतरचे कॅमेरे आतली धूळ आपली आपण झटकतात. या जुन्या धुडात ती सोय नव्हती. त्यानं रबरी फुग्यानं आत हवा मारली आणि एवढ्यावर सगळं निपटलं.

बाबा तो भिंतीचा फोटो घेऊन पांढुर्ण्याला गेले. आले ते पेढे घेऊनच. "ते तयार हायेत! मावशीबाई म्हणे, गलती झाली आमची." आईचे डोळे भरून आले. ताई पोळ्या लाटत होती.

"त्यांना नाही म्हणून कळवा," ती म्हणाली.

"अवं, काहून? आता तर सारं साफ झालं न."

"त्यांचं जाऊ द्या, बाबा. तुमाले तरी पटलं का, माझ्या गालावर काही नव्हतं म्हणून?"

"म्हणजे काय! माझी पोरगी हायेस तू," बाबा म्हणाले. पण तोंड उघडण्याआधी त्यांची नजर तिच्या डाव्या गालावर जाऊन आली होती, आणि ताईनं ती पाहिली होती.