अर्ज करून जाळलेला कॉम्प्युटर

मी रीतसर अर्ज करून स्वतःचा कॉम्प्युटर जाळून घेतला आहे.

त्याचं असं झालं. माझा मुलगा सुरेश अमेरिकेत असतो. सहा वर्षांत एकदाही आलेला नाही. मोबाईलवर नातीचं, मीनूचं, तोंड शेंगदाण्याएवढं दिसायचं. घरात बोलायला माझं एक मांजर. (तेही शेजारी जेवून यायचं!) म्हणून सुरेशनं आपला जुना कॉम्प्युटर एका ओळखीच्याबरोबर पाठवला आणि फोनवर बजावलं, "आई, डब्याच्या मागं लाल बटण हाय, ११५ वर. हिकडं करंट कमी असतोय. तू आधी ते २३० वर सरकव, मगच लाव!"

रामनगरहून आमच्या रानातल्या गावापर्यंत इंटरनेटची तार नुकतीच आली होती. कॉम्प्युटर जोडायला मी शेजारच्या बाबूला बोलावलं. तो पिठाची गिरणी चालवतो, म्हणजे आमच्याकडचा इंजिनियरच. सुरेशचा निरोप ऐकून तो हसायलाच लागला.

"काकी, आपल्या गावात २३० कवा बघितलासा?"

"न्हाई बा."

त्यानं मीटर लावला. आकडा आला ११८!

"बघा! आपला करंट अमेरिकेचाच हाय की! बटण हाय तिथंच ऱ्हाऊ दे."

मी चौथी शिकलेली. मला पटलं. कॉम्प्युटर चाललासुद्धा!

चार दिवस मजा झाली. आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. ते तिकडं जेवायचे, मी इकडं तांदूळ निवडायची.

"आज्जी, तुझ्यामागून कोण गेलं?"

"कोंबडी."

"घरात?"

"तिचंच घर हाय बाई. मी भाड्यानं ऱ्हाते."

मीनू हसून हसून खुर्चीवरून पडली. माझ्या बोलण्यावर कोणी हसल्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. "उद्या मी तुला मराठी गाणं म्हणून दाखवणार," ती म्हणाली. मला झोप कसली येते!

सकाळी दारात लाइनमन हजर.

"आज्जी, करंट कमी म्हणून अर्ज केला होतासा न्हवं?"

"चार केले! आमच्या बल्बापेक्षा काजवा बरा."

"आज नवा ट्रान्सफॉर्मर बसवला. आता घ्या फुल्ल करंट!"

खरंच, बल्ब असा पेटला की भिंतीवरची पाल दचकली. मी खूश होऊन त्याला चहा दिला, वर दोन चकल्या. मग केस विंचरले, नवं लुगडं नेसले, कॉम्प्युटरसमोर बसले आणि बटण दाबलं.

ढम्म!

धूर! कोंबडी फळीवर, मी जमिनीवर. बाबू पिठानं माखलेला तसाच धावत आला.

"काकी, काय केलासा?"

"मी काय न्हाई केलं! करंट वाढला!"

"कुणी वाढवला?"

मी पदरानं धूर हाकायला लागले. गाणं राहिलंच. नव्या उजेडात घर मात्र लख्ख दिसत होतं. एक ताट, एक तांब्या, एक पाट.

चार दिवस मी सुरेशचा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी उचलला आणि कॉम्प्युटर जळाल्याचं सांगून टाकलं.

"आई, बटण २३० वर केलं होतंस न्हवं?"

खोटं बोलणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. "केलं होतं की," म्हणाले.

"मग पार्टच खराब असणार. दुसरा पाठवत न्हाई. मे महिन्यात मीनूला घेऊन येतो, मीच बसवतो."

फोन ठेवला, जळक्या डब्यामागं गेले आणि लाल बटण २३० वर सरकवलं. मुलाचं सांगणं मी कधी मोडत नाही. जरा उशीर होतो, एवढंच!