खुर्चीवरचा कोच

कोल्हापुरात आमच्या पेठेला फुटबॉलचं वेड, पण ते पोरांचं. मुलींनी गच्चीतून बघायचं. मी पहिल्यांदा बॉलला पाय लावला तो इथं अमेरिकेत, रेडमंडला, त्रेचाळिसाव्या वर्षी.

बायकांच्या त्या हौशी टीमचा कोच अठ्ठ्याहत्तर वर्षांचा जर्मन होता. तरुणपणी गावच्या संघातून खेळलेला. आठवडाभर कारखान्यात लेथवर काम, रविवारी मॅच. एका मोठ्या क्लबनं पगारावर बोलावलं, तर गेला नाही. का, विचारलं तर म्हणाला, "तिथं मालक सांगेल तसं खेळावं लागलं असतं." इथंही तो कितीतरी वर्षं फुकटच शिकवत होता. पहिल्या दिवशी मी बॉलला घाबरून तोंड फिरवलं. भर पावसात तो ओरडला, "पाठ नको दाखवूस! बॉलला कळतं!"

दिवाळीच्या पार्टीत एक काकू म्हणाल्या, "या वयात चड्डी घालून पळतेस?"

"हो काकू. आठवड्यातून दोनदा."

गेल्या वर्षी कोचचा खुबा मोडला. काठी टेकत परतला तोवर आमच्या क्लबची ईमेल आली होती: कोच धडधाकट हवा, नवा तरुण नेमतोय. आम्ही चौदाजणींनी उलट कळवलं, तो नसेल तर आम्हीही नाही. बरीच ओढाताण झाल्यावर क्लब एवढंच म्हणाला, तुमच्यातलीच एखादी कोच चालेल, पण परीक्षा पास हवी.

"तू दे," तो मला म्हणाला.

"मी? मी आजवर एक गोल केला नाही."

"मीही तीनच केले. त्यातला एक आमच्यावरच."

परीक्षा दिली, पास झाले. पहिल्या मॅचला मैदानाच्या कडेला त्याच्यासाठी घडीची खुर्ची मांडली. क्लबची बाई तरातरा आली.

"हे कोण?"

"आमचे कोच."

"मग तुम्ही?"

"मीपण कोच."

"यादीत एकच नाव आहे."

"मग माझं खोडा. नाहीतर मॅच थांबवा."

माझ्या मागं सगळ्याजणी येऊन उभ्या राहिल्या. बाईनं आमच्याकडं पाहिलं, यादी पर्समध्ये कोंबली आणि निघून गेली.

ती मॅच आम्ही तीन-एकनं हरलो. तिसरा गोल खाल्ला तेव्हा मी मराठीत ओरडत होते आणि तो जर्मनमध्ये. पुढच्या रविवारी मी खुर्ची पुन्हा मांडली.