वन्संच्या खोलीतला गाळ

"आई, आत्या गेली," असा हॉस्पिटलातून मुलाचा फोन आला, तेव्हा मी वन्संच्या खोलीचं कुलूप ओढून बघत होते. त्यांनीच बजावलं होतं, "वहिनी, मी नसताना कुणाला आत सोडू नका." महिना होऊन गेला, अजून ओढून बघते...

माझी नणंद सुमन मिठागरवाल्यांची लेक. शिकल्या आणि गेल्या कुठे, तर राजस्थानातल्या खाऱ्या तळ्यांकडे! तिथे पावसाचं पाणी तळ्यात येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने उडतं, मागे उरतं मीठ आणि गाळ. त्या गाळाचे थर बघून तळं कधी भरलं, कधी आटलं, हे त्या शोधत. लग्न केलं नाही. मला आपला संशय, तिकडे कुणीतरी असणार. एकदा विचारलंच. म्हणाल्या, "आहे ना! पण आंघोळ घातली की विरघळतो."

निवृत्त होऊन नवीन पनवेलला आमच्याकडे आल्या, त्या नळ्यांत भरलेला गाळ घेऊनच. नळी उभी चिरायची, एक अर्धं तपासायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. का, तर "मी चुकले असेन तर पुढच्याला कळायला नको?" संशय सगळ्यांवर, स्वतःला धरून. मी नुसता केर काढला तरी, "वहिनी, हात लावलात?"

परवा त्यांचा विद्यार्थी महेश आला. "मावशी, न तपासलेली अर्धी हवी होती." माझं डोकंच सणकलं. बाई गेल्या नाहीत तोच आला, आता स्वतःच्या नावावर खपवणार! चहा दिला, किल्ली मात्र कमरेलाच.

"पाऊस कमी झाला म्हणून तळं आटलं, असं बाई म्हणायच्या. तुला पटतं?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. "नाही, मावशी. बाई चुकल्या असं वाटतं मला. हॉस्पिटलात त्यांना सांगितलंही."

"मग?"

"आधी शिव्या दिल्या. मग म्हणाल्या, उघडून बघ."

खरं की खोटं, विचारू कुणाला? पण आधी शिव्या आणि मग परवानगी... हे वन्संचंच. किल्ली काढून दिली. ती अर्धी घेऊन तो गेला.

गाळ सुकू नये म्हणून त्या खोलीत एसी असायचा. मुलगा म्हणतो, आता कशाला? मी बंद करू देत नाही. त्या चुकल्या असं ठरलंच, तर ते आधी मीच खोलीत जाऊन त्यांना सांगणार आहे. उकाड्यात त्या काय ऐकून घेणार!