कायटन सर

कापड दाखवलं की कायटन सर आधी डोळे मिटत. गांधीबागेतल्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक थान उलटंपालटं करून, उजेडात धरून पाहतं. सर नुसता काठ चिमटीत धरत आणि सूत कसं आहे ते सांगत. उमरेडच्या विणकरांच्या घरातले ते. "कापड बोटानं पाह्यचं असते गा, डोळे फसवतात," म्हणायचे. माझे वडील पुटपुटायचे, असे चार मास्तर रोज आले तर दुकानाला कुलूप लागेल.

मी कॉलेजात त्यांचा विद्यार्थी. ते प्राणिशास्त्र शिकवत आणि कुठूनही सुरुवात केली तरी कायटनवर येत, म्हणून हे नाव. कायटन म्हणजे समुद्रकाठच्या खडकाला चिकटून जगणारा, नखाएवढा जीव. पाठीवर आठ पट्ट्यांचं कवच, खाली सगळा पाय. खडकावरून काढला की अंगाची गुंडाळी करतो. आमच्या प्रयोगशाळेत बाटलीतला एक होता, तसाच गुंडाळलेला, पार पांढरा पडलेला. पण सर बोलू लागले की तो जिता व्हायचा. "याले डोक्यावर डोळे नाहीत. उजेड पाठीले समजते. सावली पडली का घट्ट धरते," ते सांगत, आणि मागच्या बाकावरची आमची टवाळ टोळीसुद्धा पुढे सरकून ऐकायची.

गंमत अशी, की सरांनी समुद्रच पाहिला नव्हता. सहल निघायची तेव्हा ते आम्हाला स्टेशनवर पोचवून परत फिरत. घरी आई अंथरुणाला खिळलेली, मुक्कामाला जाणं जमत नसे. पुढे आई गेली, सर रिटायर झाले आणि काचबिंदूनं गाठलं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेलीही फार टिकणार नाही. सर दुकानात आले, गादीवर टेकले. "मले एक डाव जिता कायटन पाह्यचा आहे," एवढंच म्हणाले. मी त्याच दिवशी तिकिटं काढली.

कोकणात ओहोटीला आम्ही खडकांवर उतरलो. मला कायटन दिसला, सरांना दिसेना. तो खडकाच्याच रंगाचा, आणि सरांच्या डोळ्यांत आता धुकंच जास्त. किल्लीनं उचकटून तो त्यांच्या डोळ्यांजवळ न्यावा म्हणून मी वाकलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "काढू नोको गा. त्यानं धरलं आहे, धरू दे."

मग ते पँटसकट पाण्यात गुडघे टेकून बसले, डोळे मिटले आणि त्याच्या पाठीवर बोट ठेवलं. एकेक पट्टी चाचपत बोट पुढं गेलं. लाट आली, गेली. "आता दाबून बसला," ते हळूच म्हणाले. "मी आलो, समजलं त्याले." इतका धन्य झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माझ्या अंगावर काटा आला, देवळातसुद्धा कधी येत नाही असा. पाणी चढू लागलं तेव्हा त्यांना ओढूनच आणावं लागलं.

आता नजर पूर्ण गेली आहे. हिवाळ्यात सक्करदऱ्याच्या घरी ते अंगणात उन्हाकडे पाठ करून बसतात. परवा गेलो तेव्हा वाटलं, त्यांचा डोळा लागलाय. चपला फाटकाशी काढून, पाऊल न वाजवता मी मागे जाऊन उभा राहिलो.

"सरक गा थोडा," मान न वळवता सर म्हणाले. "सावली पडून राहिली."