एका वेताचे दोन भाव

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस कुत्र्यांच्या नादाला कसा लागला, असं काकांना कोणी विचारलं की ते म्हणतात, "अक्कल कमी पडली म्हणून." मग स्टूल पुढे ओढतात आणि सगळी फजिती स्वतःच सांगायला बसतात. दुसऱ्या कोणी सांगितली तर त्यात आपली पुरेशी शोभा होत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

दुकान लहान. पुढे काउंटर, मागे दोन खोल्यांचं घर आणि घरामागे फरशी घातलेलं अंगण. त्या अंगणात साय राहायची. साय म्हणजे बीगल जातीची कुत्री, अस्सल वंशावळीची. मुलीसाठी आणली होती. मुलगी नर्स होऊन दुसऱ्या गावी गेली आणि कुत्री काका-काकूंच्या वाट्याला आली. पहिल्या वेताला तिला चार पिल्लं झाली. काकांनी ती एकाच भावाने विकली आणि आपण फार सरळमार्गी आहोत अशा समाधानात राहिले.

तीन वर्षांनी जनावरांच्या दवाखान्यात त्यांना त्यातलीच एक मादी भेटली. ओळखू येईना. बरगड्या वर आलेल्या, आचळं लोंबलेली, डोळे विझलेले. नव्या मालकाने तिच्याकडून दर खेपेला पिल्लं काढून घेतली होती. "माल चांगला दिलात हो," तो काकांना म्हणाला. काका घरी आले ते जेवलेच नाहीत.

पुढच्या वेतापासून त्यांनी दोन भाव ठेवले. ज्याला पुढे पिल्लं काढायची आहेत त्याला वंशावळीचा पूर्ण कागद, भाव दुप्पट. ज्याला घरात नुसतं पाळायचं आहे त्याला त्याच्या निम्मा, म्हणजे पूर्वीचाच भाव; पण त्या कागदावर 'प्रजननासाठी नाही' असा शिक्का, आणि वर्षाचं झाल्यावर नसबंदीचं ऑपरेशन करून घेऊ अशी सही.

काकूंना हे काही पटेना. त्या घरातल्या शिवणयंत्रावर बसून म्हणाल्या, "अहो, दूध दोघांनी तेवढंच प्यायलं. इंजेक्शनं तेवढीच. घाण तर दोघांची मीच काढली. मग एक दुप्पट कसं?"

"अगं, कुत्रं तेच आहे. जास्तीचे पैसे कुत्र्याचे नाहीत, हक्काचे आहेत," काका म्हणाले. "पुढची पिल्लं विकून जो कमावणार, त्याने सायच्या एक्स-रेचा, तपासण्यांचा, जोडीला आणलेल्या नराच्या फीचा भार उचलावा. ज्याला संध्याकाळी पायाशी कोणी बसायला हवंय, त्याच्याकडून ते का घ्यायचं? आणि शिक्का असला की कोणी हावरटपणा करणार नाही."

इथपर्यंत काका शहाणे होते. हे ते स्वतःही मान्य करतात. गाडी घसरली ती पुढे. कुठलं पिल्लू कुठल्या भावाचं, हे ठरवायचा अधिकार आपसूक त्यांच्याकडे आला आणि तो त्यांच्या डोक्यात गेला. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की ते घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून त्यांचे दात बघायचे. शेपटीचा कोन, पंजांची ठेवण, पाठीची रेघ, सगळं वहीत. गिऱ्हाइकांसमोर मान हलवून "हं" म्हणायचे. त्या "हं"वर भाव दुप्पट व्हायचा.

सायच्या तिसऱ्या वेताला तीन पिल्लं झाली. ओळखू यावीत म्हणून काकूंनी गळ्यात लोकरीचे धागे बांधले, आणि तीच त्यांची नावं पडली: लाल, हिरवा आणि निळी.

लाल म्हणजे रुबाब. काकांनी भिंगातून पाहून त्याला पहिल्या प्रतीचा ठरवला आणि एका फर्निचरवाल्याला दुप्पट भावाने दिला. त्याला एक नर पाळून पुढे त्याची फी कमवायची होती. भरीला काकांनी करारात स्वतःहून एक कलम घातलं: वर्षाने तपासणीत नर प्रजननाला अयोग्य ठरला तर जास्तीचे पैसे परत. गरज काहीच नव्हती. नुसता ताठा.

निळी तर लालपेक्षा सरस. "ही विकायची नाही," काका म्हणाले. "आपलं घराणं हिच्यावर चालणार." काकूंनी आपल्या घराण्याकडे एकवार पाहिलं आणि सुईत दोरा ओवला.

राहिला हिरवा. अंगाने उत्तम, पण त्याचं एकच वृषण खाली उतरलेलं. असला दोष पिढीत उतरतो, म्हणून काकांनी त्याच्या कागदावर लगेच शिक्का मारला. शाळेची बस चालवणाऱ्या एक ताई होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्या निम्मे पैसे पाकिटात घालून आल्या. काकांनी त्यांना पाळीव कुत्र्याचं ऑपरेशन का हिताचं यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, सही केली आणि हिरव्याला जॅकेटच्या आत घालून घेऊन गेल्या.

तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाज घाबरलेला. "काका, ते... दुसरं खाली आलं."

"काय खाली आलं?"

"तेच हो. डॉक्टर म्हणाल्या, आता दोन्ही जागेवर आहेत. म्हणजे तो महागाचा झाला ना? मला वरचे पैसे द्यायचे आहेत का?"

काका दुकानात एकटेच खो खो हसले. "नाही हो ताई, शिक्का आहे तसाच राहू दे," असं मोठ्या मनाने सांगून त्यांनी फोन ठेवला. मोठं मन परवडत होतं, कारण घरात निळी होती.

निळीचे दुधाचे दात पडून पक्के आले आणि काकांच्या लक्षात आलं की तिचा खालचा जबडा किंचित पुढे येतोय. त्यांनी भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. मग रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तिचं तोंड उघडून बघायचा नेमच झाला. आज बरं वाटतंय, उजेड कमी आहे, मानच वाकडी धरली होती. दुसऱ्या कोणाचं पिल्लू असतं तर त्यांनी एका "हं"मध्ये निकाल लावला असता. इथे महिनाभर ते कोर्टात तारखा पाडल्यासारखे पुढे ढकलत राहिले.

शेवटी काकूच म्हणाल्या, "तिचे खालचे दात पुढे आलेत. भाकरी खाताना मला दिसतात, भिंगाशिवाय."

"वाढीचं वय आहे. जाईल मागे."

"तुमचं वाढीचं वय संपलंय ना, की तुमचा ताठाही जाईल मागे?"

काकांनी भिंग खिशात टाकलं.

वर्ष भरलं आणि फर्निचरवाल्याचा निरोप आला. लालच्या कमरेचा एक्स-रे काढला होता. खुबे सैल निघाले. त्याच्याकडून पिल्लं काढणं बरोबर नाही, असं डॉक्टरांनी लेखी दिलं होतं. सोबत काकांच्याच हस्ताक्षरातल्या त्या कलमाचा फोटो.

काका पैसे घेऊन त्याच्या दुकानात गेले. जाताना वाटेत त्यांनी तीन प्रकारची भाषणं तयार केली होती. लाल शोरूममधल्या सगळ्यात महाग गादीवर उताणा झोपला होता, आणि दोन गिऱ्हाइकं त्याच्यासाठी थांबून कडेकडेने गादी दाबून बघत होती.

"याला परत नेऊ का?" काकांनी चाचरत विचारलं.

"वेडे झालात का?" फर्निचरवाला म्हणाला. "पैसे द्या, कुत्रं राहू द्या. एवढंच ओळखलंत होय मला?" मग पैसे मोजून घेत, हसत म्हणाला, "पण तुमची नजर मात्र तयार हं, काका."

म्हणजे दोन महागाचे होते, दोन्ही स्वस्तातले निघाले. परत येताना काकांच्या डोक्यात एकदम उजेड पडला: हिरवा! अंगाने उत्तम, दात सरळ, आता दोन्ही जागेवर. उशिरा का होईना, उतरलंय ना? जी पळवाट त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी दिली नसती, ती स्वतःला देताना त्यांना काही वाटलं नाही. वंशावळी नोंदवणाऱ्या क्लबकडे शिक्का रद्द करायचा अर्ज त्यांनी त्याच दुपारी भरला आणि बसताईंचं घर गाठलं.

ताई नुकत्याच फेरी संपवून आल्या होत्या. एका खोलीचं घर, चकचकीत. खिडकीशी हिरव्याची सतरंजी. हिरवा येऊन काकांच्या बुटांचा वास घेऊन परत ताईंच्या पायाशी जाऊन बसला. काकांनी त्याचा जबडा, पाठ, चाल सगळं पाहिलं. तीन भावंडांत खरा हिरा हाच होता.

"ताई, तुमच्यासाठी चांगली बातमी आहे," ते म्हणाले. "याचा पूर्ण कागद करून देतो. एक पैसा नको. फक्त ऑपरेशन करू नका."

"पण उद्या सकाळची वेळ घेतलीय मी. सुट्टीही टाकलीय."

"रद्द करा. त्याच्या फीमधून तुम्हाला दर वेळी..."

ताईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. "काका, एक विचारू? मी न्यायला आले तेव्हा तुम्ही मला अर्धा तास समजावलंत, की हे त्याच्या भल्याचं आहे. ते खरं होतं, की निम्म्या भावाबरोबर तसं सांगायचं असतं?"

काकांना ती दवाखान्यात भेटलेली बरगड्यांची पोर आठवली, तिचा मालक आठवला, आणि आपणही आत्ता 'माल' बघितल्यासारखं हिरव्याच्या पाठीवरून हात फिरवला हे आठवलं. खिशातला अर्ज त्यांनी खिशातच चुरगाळला.

"खरं होतं," ते म्हणाले. "अर्धा तास जरा जास्त झाला, पण खरं होतं." मग म्हणाले, "उद्या किती वाजता? तुम्ही एकट्या आहात. धरायला येतो मी."

दुसऱ्या दिवशी हिरव्याला भूल चढेपर्यंत त्याचं डोकं काकांच्या तळहातावर होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, इतका सुंदर नर, आणि तुम्ही स्वतः?" काकांनी सांगितलं की कागदावर शिक्का आपणच मारलाय आणि तो मारणारा माणूस फार मोठा तज्ज्ञ समजला जायचा. बाई हसल्या. तिथेच काकांनी निळीसाठी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली.

घरी येऊन त्यांनी निळीचा करार काढला. विकणारा म्हणून स्वतः सही केली, घेणारा म्हणूनही स्वतःच, आणि साक्षीदार म्हणून काकूंपुढे ठेवला.

"आणि पैसे?" काकूंनी विचारलं. "निम्मा भाव कोण कोणाला देणार?"

"मी माझ्याकडे मागितले. देत नाही म्हणतोय."

काकूंनी सही केली.

सायला त्यानंतर पिल्लं होऊ दिली नाहीत. तिचं वय झालं होतं. आता काका दुसऱ्यांच्या वेतांवर सल्ला देतात, आणि सल्ला एकच असतो: सगळी पिल्लं निम्म्या भावाने द्या, सगळ्यांवर शिक्का मारा. दीड वर्षाने एक्स-रे, दात, स्वभाव सगळं तपासून जो कोणी फरक भरायला येईल, त्याचा शिक्का तेव्हा काढा. आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून भविष्य सांगू नका.

परवा एक जोडपं आलं, दोन भावंडं टोपलीत घेऊन. "काका, यातलं कोणतं पहिल्या प्रतीचं?" काकांचा हात सवयीने खिशातल्या भिंगाकडे गेला, पण रिकामाच परत आला. त्यांनी दोन्ही पिल्लांना आळीपाळीने मांडीवर घेतलं. एकाने त्यांच्या पँटवर शू केली.

"हं," काका म्हणाले. "हे जरा मनमोकळं आहे."