दर्याला दिलेली बाळी

समुद्रातून मी सोन्याची म्हणून जी पहिली वस्तू काढली, ती मुळात हरवलेली नव्हतीच. हे मला कळलं तेव्हा ती माझ्या तळहातावर होती, आजूबाजूला आगाशीच्या बाजारातली पाच-सात गिऱ्हाइकं माना उंचावून बघत होती आणि जिची ती वस्तू होती ती बाई बोंबलाची टोपली तशीच टाकून उभी राहिली होती. तिचा मुलगा त्या दिवशी समुद्रात होता. पुढचे चार दिवस माझे कसे गेले ते सांगणारच आहे. पण त्याआधी, चांगली बावन्न वर्षांची बाई असल्या फंदात पडली कशी, ते सांगायला हवं.

मला स्वस्थ बसता येत नाही. सव्वीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. नळ्या धुवा, चुंबकं मोजून ठेवा, पोरांनी जाळलेल्या तारा बदला. हात सतत चालू. नोकरी सोडली आणि तिसऱ्याच दिवशी घरातली सगळी कपाटं आवरून संपली. चौथ्या दिवशी मी ती पुन्हा उपसली. निर्मळला आमची केळीची बाग आहे, पण ती नवऱ्याची. तिथे मी हात घातला की त्याचं डोकं फिरतं. "जरा बस ना गं निवांत," तो म्हणायचा. बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

अशातच फोनवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा परदेशी किनाऱ्यावर एक म्हातारा कानाला हेडफोन लावून, हातात दांडा घेऊन चालतो आहे. दांड्याला खाली ताटासारखी चकती. मध्येच थांबतो, वाळू उपसतो, अंगठी काढतो. मी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. आठ दिवसांत तसलं धातू शोधणारं यंत्र घरी आलं. नवऱ्याने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला, भंगारवाल्याच्या पोटावर पाय आला."

पहिला दिवस कळंबच्या किनाऱ्यावर गेला, आणि अक्षरशः फुकट गेला. ओल्या वाळूवर चकती नेली की यंत्र किंचाळायला लागायचं. जिथे काही नाही तिथेही किंचाळायचं. आमच्या किनाऱ्याची वाळू काळी. तिच्यात लोखंडाचे बारीक कण, त्यात खारं पाणी. यंत्राला सगळीकडेच काहीतरी आहे असं वाटत राहतं. मी चिडून त्याला दोन थपडाही मारल्या. चालायला आलेले एक आजोबा लांब उभे राहून विचारत होते, "बाई, बॉम्ब-बिंब आहे का?" मी म्हटलं, "असला तर तुमच्याच पायाखाली असेल." ते खरंच चार पावलं मागे सरले.

शिकायला वेळ लागला. यंत्राच्या कानांचा तिखटपणा कमी करायचा. चकती वाळूशी अगदी समांतर धरायची, दोन बोटं वर, आणि झोका घेतल्यासारखी वर उचलायची नाही. ओल्या वाळूवर आधी ती खालीवर करत यंत्राला वाळूची सवय करून द्यायची. ते गप्प झालं की मगच चालायला लागायचं. पाण्यात उतरायचं तर गुडघ्याएवढ्यातच, आणि ओहोटी लागलेली असतानाच. शिवाय पाण्यात फावडं चालत नाही, वाळू वाहून जाते. म्हणून मी आगाशीच्या एका वेल्डिंगवाल्याला म्हटलं, मला झारा करून दे, पण फावड्याएवढा. त्याने विचारलं, "किती माणसांचं जेवण आहे?"

आणि मग मी ती चूक केली. किनाऱ्यावर गुटख्याच्या पुड्यांचे चंदेरी कागद इतके, की दर दोन पावलांवर यंत्र बोलणार, मी वाकणार, चाळणार आणि हातात पुडी. कंबर गेली कामातून. यंत्रात एक सोय असते. नको त्या धातूंचा आवाज बंद करता येतो. मी चंदेरी कागदाचा आवाज बंद केला. तीन आठवडे सुखाचे गेले. नाणी मिळाली, होड्यांचे खिळे मिळाले, एक त्रिशूळ, दोन किल्ल्या. सोनं मात्र गुंजभरही नाही. एका संध्याकाळी बागेत बसल्या बसल्या मी माझीच लग्नाची अंगठी मातीत पुरली आणि वरून चकती फिरवली. यंत्र गप्प. पुन्हा फिरवली. गप्पच. बारीक सोनं आणि चंदेरी कागद या यंत्राला सारखेच दिसतात, हे मला त्या क्षणी कळलं. तीन आठवडे मी सोनंच वगळून सोनं शोधत होते. नवरा केळीच्या मागून म्हणाला, "अंगठी काढ आधी बाहेर, मग हस."

त्यानंतर मी कुठलाच आवाज बंद ठेवला नाही, आणि माझी तगमग दुप्पट झाली. आता प्रत्येक पुडीत सोनं असू शकत होतं.

नारळी पौर्णिमा होऊन पंधरा दिवस झाले होते. अमावास्येच्या ओहोटीला पाणी खूप लांब जातं, म्हणून मी पहाटेच स्कूटर काढून अर्नाळ्याला गेले. सकाळचे साडेसहा वाजले असतील. गुडघाभर पाण्यात एका जागी यंत्र बारीक पण स्वच्छ बोललं. झारा मारला, पाणी निथळू दिलं. अर्धी वीत खालून एक काळी पडलेली कापडाची पुरचुंडी वर आली. लाल कापड असावं मुळात. घट्ट गाठ मारलेली. गाठ सुटेना, तेव्हा मी खिशातला चाकू काढून ती कापली. आत एक गुळगुळीत दगड आणि लहान मुलाच्या कानातली सोन्याची बाळी. तिच्यात लाल मणी, तारेला पीळ. मी पाण्यात उभी राहून ओरडले. गाठ मारून, दगड घालून ती कोणीतरी मुद्दाम बुडवली आहे, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. नऊ वाजेपर्यंत मी यंत्रासकट आगाशीला पोचले होते, कारण ही बातमी पोटात ठेवणं मला शक्य नव्हतं.

बाजारात मी ज्या मावशीकडून वीस वर्षं मासे घेते, ती अर्नाळ्याची. मी तिच्यासमोर मूठ उघडली. "बघ मावशी, सोनं! समुद्रात मिळालं."

तिने बाळी उचलली नाही. नुसती पाहिली. हातातला कोयता खाली ठेवला आणि उभी राहिली. "ही कुठं गावली तुला?"

मी सांगितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला. "माझ्या पोराची हाय ही. बारशाची. पुनवेला दर्याला दिलेली." एकुलता एक मुलगा, यंदा पहिल्यांदाच तांडेल झालेला. म्हणजे होडी त्याच्या जिवावर, माणसं त्याच्या जिवावर. म्हणून तिने त्याची सगळ्यात जपलेली वस्तू दर्याच्या ओटीत घातली होती. सहा दिवसांपूर्वी तो गेला होता आणि दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

"दर्यानं मागं धाडली," ती म्हणाली. "त्याला नको झाली."

मी अर्नाळ्यापासून पाच-सहा किलोमीटरवर जन्म काढला, हिच्या हातचे मासे खाऊन पोट भरलं, आणि पुनवेला नारळाबरोबर तिथल्या बायका आणखी काय काय देतात हे कधी विचारलं नव्हतं. स्वतःपुरतं बोलायचं तर मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून येते. ती कोणी विझवून, पुसून, मला बाजारात आणून दिली असती तर? मला स्वतःचीच भयंकर चीड आली. पण ती बाई माझ्यावर रागावलीच नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली होती.

"मावशी, समुद्राने नाही दिली. मी काढली," मी म्हटलं.

"तू निमित्त. त्यानं वर आनली, म्हनून तुला दिसली."

"दिसली नाही गं. वाळूखाली होती. या यंत्राने सांगितलं."

तिला ते पटेना. असलं यंत्र असतं कुठे? समुद्राच्या पोटातलं माणसाला कळतं कुठे? शेवटी तिने टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसली. अर्नाळा येईपर्यंत तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

भरती चढत होती, सकाळची जागा पाण्याखाली गेली होती. मग कोरड्या वाळूतच मी यंत्र लावलं. "दाव," ती म्हणाली. मी पाठ फिरवली. तिने बाळी पुरली, वाळू सारखी केली. मी चकती फिरवत गेले आणि यंत्र बोललं. बाळी काढून दिली. तिने पुन्हा पुरली, आणखी लांब. यंत्र पुन्हा बोललं. तिसऱ्या वेळी मी सगळीकडे फिरले, दोनदा, तीनदा. पण यंत्र गप्प. आता हे मेलं ऐन वेळी बिघडलं, आणि ही बाई समजणार की दर्याचाच खेळ आहे. मी खाली बसून हातांनी वाळू उपसायला लागले. तेव्हा तिने मूठ उघडली. बाळी तिच्या हातातच होती.

"हाय तिथं बोलतो, नाय तिथं बोलत नाय," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजे दर्यानं नाय दिली."

"नाही मावशी."

"तू वाळू उपसून काढलीस. आनि गाठ?"

"मी कापली. चाकूने."

"म्हंजे चोरलीस."

आयुष्यात मी कोणाची टाचणीसुद्धा उचललेली नाही. पण इतक्या मनापासून मी कशाला होकार दिला नसेल. "चोरली," मी म्हटलं. "दिवसाढवळ्या चोरली."

तिने लांब श्वास सोडला. तोंडावर रंग परत आला. "मग ठीक हाय," ती म्हणाली आणि मला अशा काही शिव्या दिल्या, की वाटलं, हिला आता काही होत नाही. दुपारच्या भरतीला तिच्या दिराची होडी निघणार होती. बाळी नव्या कापडात बांधून तिने त्याच्याकडे दिली, खोल पाण्यात सोडायला. "तिथं तुझा यंत्र पोचतो?"

"नाही पोचत."

"बरं." एवढं म्हणून ती परत बाजारात जायला निघाली, बोंबील खराब होतील म्हणाली.

तिचं निभावलं. माझं काय? त्या संध्याकाळी वारा सुटला. बागेत दोन केळी आडव्या झाल्या. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. मला काही त्यातलं खरं वाटत नाही, हे मी नवऱ्याला दहा वेळा सांगितलं. तो म्हणाला, "मग झोप." दुसऱ्या दिवशी बाजारात गेले तर मावशी गिऱ्हाइकाशी नेहमीसारखी भांडत होती. मला पाहून म्हणाली, "ही बघा, चोर आली." फोन लागला का विचारलं, तर नाय म्हणाली आणि सुरमई कापायला लागली. मला तिचा राग आला. अगं, तुझा मुलगा ना?

मग मीच अर्नाळ्याला जायला लागले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. यंत्र घरी ठेवून. प्रत्येक होडीचा झेंडा ओळखायचा प्रयत्न करायची, कोणाला ना कोणाला विचारायची, लोक वैतागायला लागले. पंधरा दिवस दर्याकडे होती ती वस्तू, आणि मी ती सकाळपासून दुपारपर्यंत बाहेर ठेवली. त्या सहा तासांत काही झालं असेल तर? असले हिशेब मी करत होते. सव्वीस वर्षं मुलांना चुंबकं देणारी बाई.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याची होडी आली. ती लांबच थांबली आणि माणसं कंबरभर पाण्यात उतरून यायला लागली. मी तांडेल कोण म्हणून ओरडून विचारलं. एकाने मागे बोट दाखवलं. डोक्यावर क्रेट घेतलेला, दाढी वाढलेला, उन्हाने रापलेला पोरगा. मी चपलांसकट पाण्यात शिरले. मला हुंदका आवरेना.

तो दचकून थांबला. "तू आईकडं मासं घेते ती ना? आईला काय झालं?"

"काही नाही रे. आई बाजारात आहे. मजेत आहे."

"मग रडते कशाला?"

"तुझी वाट बघत होते," मी म्हटलं.

त्याने मला उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल. डोक्यावरचं क्रेट सावरत तो माझ्याकडे बघत राहिला. "माझी?" तो म्हणाला.